बॅटरी कुठे सापडली?

आईच्या श्रवणयंत्राची बॅटरी बदलताना ती माझ्या बोटांतून निसटली, त्या संध्याकाळी मी जवळजवळ अर्धा तास गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरून, पलंगाखाली आणि कपाटाच्या पायांमागे ती शोधत होते. 312 क्रमांकाची ही बॅटरी आठ मिलिमीटरही रुंद नसते. चपटी आणि गुळगुळीत असल्यामुळे ती पडली की घरंगळत जाते, आणि पडल्याचा आवाज इतका बारीक होतो की ती कोणत्या दिशेला गेली याचा अंदाजसुद्धा लागत नाही. पाकिटातली ती शेवटची होती. आई खुर्चीत बसून विचारत होती, "काय शोधतेस?" मी सांगत होते, पण यंत्र बंद असल्यामुळे तिला ऐकू जात नव्हते, तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले, आणि चौथ्या वेळी मी ज्या आवाजात "बॅटरी!" असे ओरडले, तो आवाज मला स्वतःचा वाटला नाही. त्यानंतर तिने काही विचारले नाही. तिचे ते गप्प होणे रात्री बराच वेळ माझ्या मनातून गेले नाही.

असे प्रसंग कोणाला सांगावेत, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे पडत होता. भावाला सांगितले तर ती आईविरुद्धची तक्रार ठरते आणि तो दुसऱ्या दिवशी तिला फोन करून समजावू लागतो. मैत्रिणीला सांगितले तर तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी काळजी दिसते, आणि पुढच्या भेटीत ती "आता आई कशी आहे?" असे विचारते, तेव्हा मी केलेली क्षुल्लक कुरकुर एखाद्या आजारपणाच्या बातमीसारखी मोठी होऊन परत आलेली असते. जवळच्या माणसांशी बोलताना शब्द बोलून संपत नाहीत. ते नात्याच्या हिशेबात जमा होतात. म्हणून मी पोटात ठेवायला शिकले होते, आणि पोटात ठेवलेले चिडचिडीच्या रूपाने भलत्याच ठिकाणी बाहेर पडत होते.

त्या रात्री मी एका छोट्या ऑनलाइन गटात लिहिले. रोजच्या बारीकसारीक अडचणी एकमेकांना लिहून सांगणारी, परस्परांना न ओळखणारी पंचवीस-तीस माणसे त्यात होती. एका परिचितांनी मला त्यात कधीतरी जोडून दिले होते आणि ते स्वतः नंतर बाहेर पडले होते, त्यामुळे तिथे मला ओळखणारे कोणीही उरले नव्हते. तीन आठवडे मी नुसती वाचत होते. कोणाच्या बॅगेची चेन नेमकी घाईच्या वेळी अडकत होती, कोणाच्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी दिवसभर पेनाचे बटण टकटक दाबत होते, कोणाला एकाच अर्जावर तिसऱ्यांदा तीच माहिती भरावी लागली होती. हे वाचताना सुरुवातीला मला संकोच वाटे, कारण जगात खरी दुःखे असताना यावर बोलायचे कसे, हा प्रश्न माझ्यातही मुरलेला होता. मात्र त्या लिहिण्याला येणारी उत्तरे वाचताना तो संकोच हळूहळू कमी होत गेला.

पहिला मजकूर मी चार वेळा लिहिला. पहिल्या खेपेला "आईची सेवा करताना कधीकधी माणूस थकतो" असे काहीसे लिहिले गेले. ते वाचून मला जाणवले की हे कोणाचेही असू शकते आणि यात मी कुठेच नाही. दुसऱ्या खेपेला मी स्वतःला इतका दोष दिला की वाचणाऱ्याला माझी समजूत घालण्यावाचून दुसरे काही करताच आले नसते. तिसऱ्या खेपेला आईविषयी जास्त लिहिले गेले, आणि तिच्या नकळत तिचे ऐकू न येणे मी चव्हाट्यावर मांडते आहे असे वाटून तेही पुसले. चौथ्या खेपेला मी फक्त घडले ते लिहिले: बॅटरी पडली, अर्धा तास शोधली, चार वेळा एकच उत्तर दिले, चौथ्या वेळी ओरडले, ती गप्प झाली. शेवटी एक ओळ जोडली, "उपाय नको आहे, फक्त कोणाला तरी सांगायचे होते." मग फोन पालथा घालून ठेवला.

सकाळी तीन उत्तरे आली होती. पहिल्या दोघांनी आपुलकीने दोन-दोन शब्द लिहिले होते. तिसरे उत्तर एका अनोळखी गृहस्थांचे होते आणि त्यात एकच प्रश्न होता: "बॅटरी शेवटी कुठे सापडली?"

त्या प्रश्नाने मला रडू आले, आणि त्याचे कारण समजायला मला बरेच दिवस लागले. बॅटरी माझ्याच पायातल्या सपातेच्या कडेला अडकलेली होती. मी उठून उभी राहिले तेव्हा ती टपकन पडली. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती, कारण कोणी तिथपर्यंत पोहोचलेच नव्हते. इतर सर्वांनी प्रसंगाचा अर्थ लावला असता: तू थकली आहेस, तुला मदत हवी आहे, आईला समजून घे. त्या गृहस्थांनी अर्थ न लावता माझ्याबरोबर जमिनीवर बसून शोधले. मी उत्तर लिहिले, "सपातेत." त्यांनी लिहिले, "असेच होते. आपण स्वतःच ती घेऊन फिरत असतो." एवढ्यावर ते संभाषण संपले, पण दिवसभर माझ्या खांद्यांवरचे ओझे हलके झाल्यासारखे वाटत राहिले.

याच सुमारास मी या विषयावर थोडे वाचले, आणि मनातली एक गाठ सुटली. 1967 मध्ये होम्स आणि राही या दोन संशोधकांनी जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे अशा 43 घटनांची यादी करून ताणाचे मोजमाप सुचवले होते, आणि पुढे बराच काळ ताण म्हणजे अशा मोठ्या घटना, असे धरले गेले. 1981 मध्ये रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या टोकाकडून पाहिले. त्यांनी रोजच्या कटकटींची 117 बाबींची यादी केली आणि मध्यमवयीन शंभर लोकांचा काही महिने मागोवा घेतला. तेव्हा मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या बारीक कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना आढळले. त्या यादीत वस्तू हरवणे किंवा भलत्याच जागी ठेवणे ही बाबही आहे, आणि लोकांनी सर्वाधिक वेळा नोंदवलेल्या दहा कटकटींत तिचा समावेश होता. हे वाचून मला कसला आधार वाटला ते सांगणे अवघड आहे. मोठ्या दुःखाला भेटायला माणसे येतात, रजा मिळते, चार दिवस कोणी काही मागत नाही. हरवलेल्या बॅटरीसाठी यातले काहीच होत नाही, आणि ती आठवड्याला एकदा बदलावीच लागते.

अनोळखी माणसांपाशीच मन का मोकळे होते, याचेही उत्तर जुने आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1908 मध्येच लिहून ठेवले की, जवळच्यांपासून कटाक्षाने लपवलेल्या गोष्टी माणसे अनेकदा परक्या माणसाला कबुलीजबाबासारख्या सांगतात, कारण तो आपल्या जगाच्या देण्याघेण्यात बांधलेला नसतो. माझा अनुभव याला दुजोरा देतो, पण त्यात मला एक भर घालावीशी वाटते. परका असणे पुरेसे नाही. त्या परक्याने स्वतःचेही काही सांगितलेले असावे लागते. ज्या गृहस्थांनी मला बॅटरीविषयी विचारले, त्यांच्या चष्म्याचा स्क्रू दर चार दिवसांनी निघून पडतो हे मी आधी वाचलेले होते. बारीक वस्तू जमिनीवर शोधणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते, आणि ते त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होते.

पुढचे दोन महिने मी जवळजवळ रोज लिहीत होते. या काळात मी जे शिकले ते मुख्यतः लिहिण्याविषयीचे आहे. प्रसंग नेमका लिहिला की उत्तरही नेमके येते. मोघम लिहिले की मोघम सहानुभूती मिळते आणि ती मनाला लागत नाही. आपल्याला काय हवे आहे ते शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहावे: नुसते ऐकणे, की सल्ला, की "माझेही असेच होते" एवढा दिलासा. हे न लिहिल्यामुळे मला एकदा चांगलाच त्रास झाला. एका संध्याकाळी मी लिहिले होते की आईला प्रत्येक वाक्य तीनदा सांगावे लागते आणि मोठ्याने बोलले की मनात राग नसला तरी आवाजात राग उतरतो. त्यावर एका बाईंनी लिहिले, "निदान तुमची आई आहे तरी." त्यांच्या शब्दांमागे त्यांचे स्वतःचे दुःख असणार, हे मला तेव्हाही कळत होते, पण त्या "निदान"ने माझे तोंड बंद झाले आणि चार दिवस मी काहीच लिहिले नाही. दुसऱ्याचे दुःख मोठे आहे हे ऐकून आपली अडचण लहान होत नाही. ती आहे तेवढीच राहते आणि वर ती सांगितल्याची लाज येते. तेव्हापासून मी कोणालाही उत्तर लिहिताना "निदान" हा शब्द वापरलेला नाही.

उलट, न मागता आलेला एक सल्ला फार मोलाचा ठरला. तो देणाऱ्या बाईंनी आधी विचारले होते, "सांगू का? नको असेल तर राहू दे." मी होकार दिल्यावर त्यांनी लिहिले की वयामुळे ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि "स", "श", "फ" यांसारख्या व्यंजनांचा स्पष्टपणा त्याच आवाजांवर अवलंबून असतो. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, पण व्यंजने काही तितकी स्पष्ट होत नाहीत. म्हणून समोरच्याला आवाज पोहोचतो आणि शब्द पोहोचत नाही. मला एकदम आठवले की आदल्याच आठवड्यात मी आईला "सात वाजता निघायचे आहे" असे तीनदा ओरडून सांगितले होते, आणि ती आठ वाजताच्या हिशेबाने तयार झाली होती. मी तिच्यावर चिडले होते, आणि तिच्या कानांपर्यंत तो "स" आलाच नव्हता. समोर बसून, ओठ दिसतील असे, हळू बोलावे; तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे, असे त्यांनी सुचवले. तेव्हापासून मी बोटांनी सात दाखवते.

मधला एक टप्पा मात्र चांगला गेला नाही, आणि तोही लिहायला हवा. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी सलग दहा-अकरा रात्री एकाच गोष्टीविषयी लिहीत राहिले: यंत्र शिट्टीसारखा आवाज करते, मला तो ऐकू येतो, आईला येत नाही, आणि सांगितले की ती यंत्रच काढून ठेवते. उत्तरे येत होती, सगळी माझ्या बाजूची होती, आणि प्रत्येक उत्तरानंतर माझा संताप थोडा वाढत होता. लिहून झाल्यावर पूर्वी झोप लागत असे. आता मी उत्तरांची वाट पाहत जागी राहू लागले. त्या चष्मेवाल्या गृहस्थांनी एका रात्री लिहिले, "ताई, आजचे आणि सोमवारचे सारखेच आहे. तुम्हाला बरे वाटते आहे का?" मला राग आला. मग मी सोमवारचे उघडून वाचले, आणि शब्द खरोखरच जवळपास तेच होते.

राग बाहेर काढला की तो ओसरतो, ही समजूत माझ्याही मनात घट्ट होती. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग नुसते शांत बसलेल्यांपेक्षा जास्त असल्याचे दिसले होते. दुसरीकडे, जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी लिहायला सांगितले होते. घडलेले आणि त्याविषयी वाटलेले असे दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. दोन्हीकडे मनातले बाहेरच पडत होते. पण एकीकडे तोच ठोसा पुन्हा पुन्हा मारला जात होता आणि दुसरीकडे प्रसंगाला शब्द मिळत होते. माझ्या त्या रात्रींचे लिहिणे पिशवीवरच्या ठोशांसारखे झाले होते.

मी आठवडाभर लिहिणे थांबवले आणि जुने सगळे मजकूर एका बैठकीत वाचले. त्यातून निघाले ते मला कोणी सांगितले नसते. जवळपास प्रत्येक प्रसंग संध्याकाळी सातनंतरचा होता. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला प्रत्येक वाक्य समजून घेण्यासाठी दिवसभर लक्ष ताणून बसावे लागते आणि संध्याकाळपर्यंत ते थकून जाते, हे मी कुठेतरी वाचले होते, पण ते माझ्या आईविषयी आहे असे माझ्या डोक्यात आले नव्हते. मीही त्याच वेळी कामावरून दमून आलेली असे. दोन थकलेली माणसे दिवसातल्या सर्वांत वाईट तासाला महत्त्वाच्या गोष्टी बोलू पाहत होती. आता औषधे, बँकेची कामे, कुठे जायचे-यायचे ते सगळे आम्ही सकाळी बोलतो, आणि बॅटरीही सकाळीच बदलतो: टेबलावर जाड टॉवेल अंथरायचा, पाठीवरची तपकिरी चिकटपट्टी काढायची, आत हवा शिरेपर्यंत मिनिटभर तशीच ठेवायची आणि मगच यंत्रात बसवायची. टॉवेलवर पडलेली बॅटरी घरंगळत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला सतत टोचत होती, ती म्हणजे आईला यातले काहीच माहीत नव्हते. मी तिचे नाव, आमचे गाव, तिचा फोटो कधीच लिहिला नव्हता, आणि पहिल्या महिन्यानंतर तिने काय केले यापेक्षा मला काय झाले एवढेच लिहायचे, असा नियमही स्वतःला घालून घेतला होता. तरीही तो तिच्या पाठीमागे केलेला उद्योग होता. शेवटी एका सकाळी, तिच्या समोर बसून, मी सांगितले की मी काही अनोळखी माणसांना आपल्या रोजच्या कटकटी लिहून कळवते. ती रागावेल असे मला वाटले होते. तिने विचारले, "ती माणसे काय म्हणतात?" मी दोन-तीन उत्तरे वाचून दाखवली. बॅटरीच्या प्रश्नावर ती हसली. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "माझेही लिही."

तिने सांगितले ते मी तिच्याच शब्दांत लिहून घेतले. चार माणसे बोलत असताना सगळे हसतात आणि तिला कशावर ते कळत नाही, म्हणून तीही हसते. लोक तोंडावर हात ठेवून बोलतात. आणि सर्वांत जास्त लागते ते हे, की तिने "काय म्हणालात?" असे विचारले की समोरचा माणूस म्हणतो, "काही नाही, जाऊ दे." ती म्हणाली, "काही नाही कसे? आत्ता तर बोलत होतात." या दोन वर्षांत मी ते "काही नाही, जाऊ दे" किती वेळा म्हणाले असेन, याची मोजदाद माझ्याकडे नाही. लिहून घेताना माझा हात थांबला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले आणि "पुढे लिही" असे म्हणाली.

मजकुराच्या शेवटी काय हवे ते लिहायचे असते, असे मी तिला सांगितले. तिने विचार करून सांगितले, "लिही, की अजून कोणाला असे होते का ते कळवा."

संध्याकाळपर्यंत नऊ उत्तरे आली. मी तिच्यासमोर बसून ती हळूहळू वाचू लागले, पण ती वेळ नेमकी सातनंतरची होती आणि तिसऱ्या उत्तरापाशीच तिला शब्द लागेनासे झाले. माझ्या तोंडून "जाऊ दे, सकाळी वाचू" असे बाहेर पडणार होते. मी फोनवरची अक्षरे मोठी केली आणि फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, आणि नववे उत्तर वाचून होईपर्यंत तो मला परत दिला नाही.